चमच्यानं बोर्बन

मी दातांची डॉक्टर आहे. यवतमाळातल्या बऱ्याच मानाच्या माणसांची तोंडं मी आतून पाहिली आहेत, त्यामुळे त्या तोंडांतून बाहेर पडणाऱ्या शब्दांचा मला फारसा आदर वाटत नाही. व्यासपीठावर संस्कृतीविषयी बोलणाऱ्या माणसाच्या अक्कलदाढेमागे काय साठलेलं आहे हे माहीत असलं की भाषण ऐकवत नाही. तशी मी मुळातच फटकळ. पेशंट म्हणतात, मॅडमच्या मशीनपेक्षा मॅडमची जीभ जास्त लागते. ते खोटं नाही.

आमच्या गावात बोर्बन ही अमेरिकन व्हिस्की आली ती एका बिल्डरच्या घरी. त्याचा मुलगा अमेरिकेत, केंटकीत नोकरीला लागला आणि हा त्याच्याकडे उन्हाळाभर राहून आला. जाण्याआधी हा माणूस फार शहाणा होता असं मी म्हणणार नाही, पण निदान गप्प तरी होता. परतला तो तिथल्या दारूच्या भट्ट्या पाहून. भट्टी म्हटलेलं त्याला चालायचं नाही, डिस्टिलरी म्हणायचं. इथली मोहाची दारू निघते तिथे भट्टी, आणि याच्या मुलाच्या गावात मक्याची निघते तिथे डिस्टिलरी. मुलाचे सासू-सासरे आले-गेले की बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये बाटल्या यायच्या, आणि त्या बाटल्या ओळखण्यासाठी या गृहस्थानं एक मंडळ काढलं.

पहिल्या रविवारचा किस्सा गावभर झाला होता. मुलानं फोनवर सांगितलं होतं की ‘ब्लाइंड टेस्टिंग’ करा. या लोकांनी डोळ्यांना उपरणी बांधली. तीन वयस्क माणसं दिवाणखान्यात आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी बसलेली आणि बिल्डरची बायको एकेकाच्या हातात ग्लास देते आहे. एकानं ग्लास स्वतःच्या शर्टावर ओतून घेतला, दुसऱ्यानं शेजाऱ्याचा प्यायला. संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो हसून लोळला आणि म्हणाला, बाबा, डोळे नाही, बाटल्या झाकायच्या असतात. ही यांची सुरुवात.

मग रीत बसली. रविवारी दुपारी, जेवणाआधी जमायचं. बिल्डरची बायको आत ओट्यावर चार बाटल्यांतली थोडी थोडी बोर्बन लहान ग्लासांत ओतणार. ग्लासांच्या बुडाला क, ख, ग, घ चिकटवलेलं. बाहेरच्यांनी वास घ्यायचा, चव घ्यायची आणि सांगायचं की ही केंटकीची, ही टेनेसीची, ही इंडियानाची. बोर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका असावा लागतो, हे आता मलाही पाठ झालं आहे. उरलेल्या धान्यात राय नावाचं तिकडचं तृणधान्य जास्त असलं की दारू तिखट लागते, गहू असला की मवाळ. ते कळलं की पुढे कुठल्या राज्याची, कुठल्या भट्टीची, असा अंदाज बांधत जायचं. ऐकायला छान आहे. ज्यांच्या तोंडात जीभ शाबूत आहे त्यांनी करावं.

इथे कुणाची शाबूत होती? मंडळात बिल्डरशिवाय एक वकील आणि एक कृषी सेवा केंद्राचा मालक. तिघंही खर्रा खाणारे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटघोटून केलेलं ते मिश्रण आमच्याकडे सकाळी गालात जातं आणि झोपताना निघतं. काहींचं झोपेतही निघत नाही. वकिलाच्या गालाची आतली कातडी मी पाहिली आहे. बोट लावलं तर ढोलाला लावल्यासारखं वाटतं. ही माणसं फाटकातून आत येताना जास्वंदीच्या बुडाशी पिचकारी मारायची, अंगणातल्या नळावर चूळ भरायची आणि सोफ्यावर बसून म्हणायची, ‘व्हॅनिला येतो आहे.’ वकिलाला जुन्या चामड्याचा वास यायचा. दुकानदाराला ओल्या सरकीचा. बिल्डरला दर वेळी कॅरमेल, कारण तो शब्द तो तिकडून आणलेला होता आणि वापरायला दुसरी जागा नव्हती. व्हॅनिला म्हणे! ज्याला स्वतःच्या तोंडाचा वास येत नाही, त्याला व्हॅनिला येतो.

हे सगळं मी लांबून हसून सोडून दिलं असतं. पण या मंडळाचा सर्वांत मोठा जाणकार माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा कापसाच्या खरेदीत ग्रेडर होता. हंगामात बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागायची आणि दादा एकेका गाडीतून मूठभर कापूस ओढून काढायचा. दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, गालाला लावून ओल बघायचा. किडका कवडी कापूस वरच्या थराखाली दडवलेला असला तरी त्याच्या बोटांना सापडायचा. ‘हा राळेगावकडचा’, ‘हा उमरखेडकडून आला’ असं तो गाडीवाल्यानं तोंड उघडण्याआधी सांगायचा आणि ते खरं निघायचं. अख्खं आवार त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. बाबा गेल्यावर मला नागपूरला शिकायला पाठवलं ते यानंच. माझ्या हातात आज जी कला आहे ती त्याच्यामुळे आहे, हे मी कुणासमोरही सांगेन.

निवृत्त झाल्यावर दादाला कुणी काही विचारेना. सकाळी पेपर, मग चौकात चक्कर, मग खर्रा, मग दुसरा खर्रा. त्याच्या मतावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं. आणि अशा वेळी कृषी केंद्रवाल्यानं त्याला मंडळात नेलं. त्याचा हिशेब साधा होता: जो माणूस कापूस हातात घेऊन गाव सांगतो, तो दारू तोंडात घेऊन देश सांगेल. हे असलं तर्कशास्त्र आमच्याकडे दुपारच्या वेळी सहज खपतं.

पहिल्याच दिवशी दादानं ग्लास बाजूला ठेवला आणि चमचा मागितला. वकील म्हणाला, ‘चमचा कायले पाह्यजे, साहेब?’

‘एका घोटात प्याले ही काय ताडी आहे काय?’ दादा म्हणाला.

झालं. दादानं अर्धा चमचा बोर्बन ओठांच्या फटीतून आत सोडली, डोळे मिटले, मान खाली घातली. बराच वेळ बोलला नाही. मग डोळे उघडले तर ते पाणावलेले. ‘तिखट आहे,’ तो म्हणाला. ‘राय जास्त.’ आतून बाटली आणून पाहिली तर राय जास्त असलेलीच. बिल्डरच्या मुलाचे सासू-सासरे आणत ते निम्म्याहून अधिक तिखटच वाण होते, त्यामुळे तिखट म्हणणाऱ्याचं निम्म्याहून अधिक वेळा खरंच ठरणार, हे गणित चौघांत कुणालाही सुचलं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या हातात चमचे होते. महिनाभरात बिल्डरनं चांदीचे आणवले. दादा ओठ जेमतेम विलग करून प्यायचा, म्हणून बाकीचेही तोंड बारीक करून प्यायला लागले. दादा थेंब थेंब पाणी घालायचा, म्हणून तेही. दादा काही बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि तो तिखट म्हणाला की सगळ्यांना तिखट लागायची. यांना दारू ओळखायची होती, आणि त्यासाठी हे ग्लासाऐवजी माझ्या भावाच्या चेहऱ्याकडे बघत बसत.

मला हे दादाच्याच तोंडून कळायचं. इतकं खुललेलं मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी टोमणे मारायची. ‘दादा, आता शर्टावर बिल्ला लाव,’ म्हणायची. तो म्हणायचा, ‘डॉक्टरीणबाई, तुम्ही दातं उपटा. जिभेचं काम आमच्यावर सोडा.’

मग एका दुपारी त्याच्याकडे जेवायला गेले तेव्हा वहिनी वाढता वाढता तक्रार करायला लागली. ‘तुमचे भाऊ आता मोठे जाणकार झाले न, बाई. आयुष्यभर ठेचा खाल्ला, आता वरनातली मिरचीबी चालत नाही. जीभ कोरी ठेवा लागते म्हनतेत. रोजचा दहीभात. नाहीतं दुधात चुरलेली पोळी.’

‘वेलदोडाबी नको म्हनलं तं टाकून राह्यली तू खिरीत,’ दादा म्हणाला. ‘मंग चव कशी समजंन?’

मी त्याच्या ताटाकडे पाहिलं. पोळीचे तुकडे नखाएवढे केलेले. घास तोंडात घालताना तो घास ढकलत होता. जेवणानंतर वहिनीनं संत्री सोलली. दादानं एक फोड घेतली, ओठांतून आत सारली, आणि त्याचे डोळे भरून आले. ‘आंबट आहे,’ असं म्हणून त्यानं ती हळूच बाहेर काढून ठेवली. त्याच संत्र्याची फोड माझ्या तोंडात होती. साखर होती नुसती.

हातातलं संत्रं मी खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘दादा, उद्या दवाखान्यात ये. तोंड पाह्यतो तुह्यं.’

‘काहून? माह्ये दात साबूत आहेत.’

‘दात नाही. तोंड उघड पाहू. मोठ्ठं.’

‘जेवन झाल्यावर कोनी तोंड वासते काय?’ तो हसला, ओठ न उघडता हसला. ‘येतो न. पुढच्या रविवारी मोठी बैठक आहे. वर्ध्याहून पाहुने येऊन राह्यले. थे होऊन जाऊ दे, मंग येतो.’

वर्ध्याहून पाहुणे म्हणजे एक निवृत्त प्राचार्य. त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि या माणसाला तिथे मंडळाची शाखा काढायची होती, म्हणून आमच्या मंडळाचं कामकाज बघायला तो येणार होता. यावर मी काय बोलणार? दादाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, बैठक झाली की येतो. आवाजात एक घाई होती. मी तोंड पाहिलं तर पुढचं सगळं मी बंद करणार, खर्रा आणि बोर्बन आणि मंडळातली ती मानाची खुर्ची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आठवडा गेला तर काय बिघडतं असं लोकांना वाटतं. माझ्या खुर्चीवर बसून ‘आधी आलो असतो तर’ म्हणणाऱ्यांचे चेहरे मला ठाऊक आहेत.

मग मी ठरवलं, ती खुर्चीच काढून घ्यायची. चारचौघांत, पाहुण्यासमोर, दादाला उघडं पाडायचं. लाज वाटली की माणूस घरी बसतो, आणि घरी बसला की त्याला हात धरून दवाखान्यात नेता येतं. एवढाच माझा बेत होता.

त्या रविवारी बिल्डरची बायको माहेरी लग्नाला गेलेली. ग्लास भरायला कोण, हा प्रश्नच होता. दादाबरोबर मीही गेले होते, म्हणाले, मी भरते. सगळे खूश झाले. दारू न पिणारी, शिकलेली, शिवाय बाई. स्वयंपाकघरात पाठवायला यांना आणखी काय हवं? आत जाऊन मी डबे उघडले, गुळाचा खडा काढला, पाण्यात विरघळवला आणि दोनदा गाळला. रंग हुबेहूब. वासापुरते बोर्बनचे चार थेंब सोडले. हा ग्लास मी पहिला लावला, क अक्षराचा, म्हणजे त्याआधी कुणाच्या तोंडात दुसरं काही गेलेलं नसणार. ख, ग, घ मध्ये खऱ्या बाटल्यांतली. मग ट्रे घेऊन बाहेर आले आणि समोरच खुर्ची ओढून बसले.

प्राचार्यांनी वही काढली होती. वकिलानं त्यांना चमच्याचं महत्त्व समजावून सांगितलं. ‘ग्लासानं हवा जास्त जाते, सर,’ तो म्हणाला. हे त्यानं तिथल्या तिथे बनवलं होतं. मग सगळे दादाकडे बघायला लागले.

दादानं अर्धा चमचा घेतला. ओठांची फट, आत सोडलं, डोळे मिटले. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. उजव्या हातानं त्यानं स्वतःचा गुडघा घट्ट धरला. डोळे उघडले तेव्हा पाणी गालावर आलं होतं.

‘फार तिखट,’ तो म्हणाला. ‘एवढी तिखट आजपावतो नाही आली. राय भरपूर. इंडियानाची आहे.’

मग बाकीच्यांनी चमचे उचलले. गुळाचं पाणी प्यायले, एकेकजण, डोळे मिटून. वकील म्हणाला, घशात आग उतरत गेली. प्राचार्य म्हणाले, ‘मिरी! शेवटाला स्पष्ट मिरी!’ आणि लिहून घेतलं. बिल्डर म्हणाला, तिखट आहे पण मागे कॅरमेल आहे. दुकानदारानं चमचा तोंडातून काढून क्षणभर ग्लासाकडे पाहिलं, मग इतरांकडे पाहिलं, आणि तोही म्हणाला, ‘तिखटच आहे.’ त्याला कळलं होतं, मला दिसलं ते. पण चार जण तिखट म्हणत असताना गोड म्हणायला जी छाती लागते ती सोयाबीनचं बियाणं विकून तयार होत नाही.

इतका तिरस्कार मला कुणाचा क्वचितच वाटला असेल. शिकलेले, मिळवते, नातवंडं असलेले पुरुष, गुळाच्या पाण्याला आग म्हणत होते. माझा बेत फळाला आला होता. आता मी फक्त तोंड उघडायचं बाकी होतं.

पण मी दादाकडे बघत होते. तो रुमालानं डोळे टिपत होता. ते पाणी खरं होतं. गुडघ्यावरचा हात अजून सुटला नव्हता. बाकीचे सगळे खोटं बोलत होते आणि माझा भाऊ खरं बोलत होता. त्याला तिखटच लागलं होतं. गुळाचं पाणी त्याच्या तोंडाला आगीसारखं झोंबलं होतं. वर्षभर हे लोक ज्याला पारख म्हणत होते, ते हे होतं.

‘क मध्ये गुळाचं पाणी आहे,’ मी म्हणाले. ‘मीच केलं आत्ता, आत.’

प्राचार्यांचं लिहिणं थांबलं. मग वकील म्हणाला, ‘मी म्हणणारच होतो, गुळाचा एक पदर जाणवत होता.’ प्राचार्य हसले, बिल्डर हसला. ताईंनी गंमत केली, ताई मोठ्या मिश्किल आहेत, असं सुरू झालं आणि ख चा ग्लास पुढे सरकला. अर्ध्या मिनिटात सगळे सावरले. लाज ही वस्तू या दिवाणखान्यात कधी आलीच नव्हती.

दादा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्यानं विचारलं, ‘नुसता गूळ?’

‘नुसता गूळ, दादा.’

त्यानं चमचा ट्रेमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला होता.

खुर्चीत बसवून मी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची जातात. त्याचं एक गेलं, दुसरं अर्ध्यावर अडलं. नेहमीचा आरसा आत जाईना, लहान मुलांसाठी ठेवलेला घेतला. गाल पांढरा, कडक, आत दोऱ्यांसारखे पट्टे. डाव्या बाजूला, जिथे तो खर्रा दाबून ठेवायचा, तिथे एक चट्टा होता, पांढऱ्यात लाल. मी रोज अशी तोंडं बघते आणि लोकांना सरळ सांगते. त्या दिवशी मला दिवा नीट करायचं निमित्त करून मागे वळावं लागलं.

‘तुकडा काढून तपासावा लागंल,’ मी म्हणाले. ‘नागपूरला. याच आठवड्यात.’

‘त्येच आहे काय?’

‘तपासल्याबिगर नाही सांगता येत. पण मले हे आवडून नाही राह्यलं, दादा.’

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाला, ‘मले माहीत होतं. लय दिवसांचं झोंबून राह्यलं होतं. चव तं केव्हाचीच गेली.’

मग मात्र मी भडकले. ‘मंग बोलला काहून नाही? घरात डॉक्टर आहे न! त्या बावळटांसमोर चमचे चाटत बसला!’

‘तिथं विचारतेत न मले,’ दादा म्हणाला. ‘बाकी कोन विचारते?’

फोन उचलून मी नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले. पुढच्या सोमवारची वेळ मिळाली.

मधल्या रविवारी दादा म्हणाला, एकदा मंडळात जाऊन खरं सांगून येतो. मी नको म्हणत होते. त्या लोकांना खरं सांगणं म्हणजे वेळ घालवणं. पण तो कपडे करून तयार होता, म्हणून मी गाडी काढली. सगळे जमलेले होते, चमचे मांडलेले होते. दादा बसलाच नाही. उभ्यानंच बोलला.

‘मले वर्षभरापासून चवच समजत नाही,’ तो म्हणाला. ‘जे तोंडात टाकलं थे झोंबते. दूध झोंबते. तुम्ही ज्याले राय म्हनत होते न, थे राय नव्हती. माह्यं तोंड होतं. उद्या नागपूरले चाललो तपासाले. तुम्हीबी तोंडं दाखवून घ्या, माह्यी बहीन आहे इथं.’

मला वाटलं, आता तरी. एवढं साधं, एवढं उघडं त्या खोलीत कुणी कधी बोललं नसेल. वकिलानं खाली पाहिलं. मग तो उठला आणि दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, ‘साहेब, एवढा विनय! आम्ही काय आंधळे आहोत? वर्षभर पाह्यलं न तुमचं काम. खरा जाणकार असंच बोलतो.’ बिल्डर म्हणाला, तपासण्या काय, होत राहतात, या वयात सगळ्यांच्याच होतात, तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. आणि बोलता बोलता त्यानं एक ग्लास दादापुढे धरला. ‘जाता जाता एवढी सांगून जा, साहेब. काल रात्रीच आली. राय आहे का गहू?’

दादानं ग्लास हातात घेतला नाही. ‘सांगता येत नाही,’ तो म्हणाला.

‘बघा!’ वकील म्हणाला. ‘म्हणजे मिश्रण आहे.’ आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी दादाचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. मला त्या क्षणी एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि ते गाल कसे लागतील हेही मला माहीत होतं. कृषी केंद्रवाला फाटकापर्यंत सोडायला आला. हा माणूस निदान गप्प होता. काहीतरी बोलायचं त्याच्या मनात असावं, कारण तो माझ्याकडे बघून दोनदा घसा खाकरला. पण शब्द सापडले नाहीत, तेव्हा त्यानं सवयीनं खिशातून पन्नी काढली, खर्रा हातावर घेतला, आणि निरोपाचा म्हणून दादापुढे धरला.

दादाचा हात पुढे गेला.

मी पाहिलं. बोटं चिमटीत आली. खर्रा उचलला गेला. तीच बोटं, धागा ताणणारी. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मोह नाही, हट्ट नाही, काही नाही. हात आपणहून गेला होता आणि आपणहून तोंडाकडे निघाला होता. मी त्या हातावर जोरानं चापट मारली. खर्रा जमिनीवर सांडला. आयुष्यात मी मोठ्या भावावर हात उचलला नव्हता.

दादानं आपल्या हाताकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. दुकानदार आत पळाला. मी गाडीचं दार उघडलं, तो बसला, मीही जाऊन बसले. चावी लावली, पण फिरवली नाही.

‘मले भेव लागून राह्यलं, बाई,’ दादा म्हणाला. ‘मले समजलंबी नाही, हात केव्हा गेला थे.’

‘मलेही लागून राह्यलं, दादा,’ मी म्हणाले, आणि त्याचा तो हात उद्या नागपूर येईपर्यंत सोडायचा नाही असं ठरवून धरून ठेवला, गाडी मलाच चालवायची होती तरी.